५७६३ कॅसेट्स आणि एक खोली

शनिवारी सकाळी दहाच्या आत ताईचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. ती ठाण्याला असते, मी पुण्यात.

"अरे, तू जपानला होतास ना दोन वर्षं? मग तूच समजाव याला."

'हा' म्हणजे माझा भाचा. अकरावी सायन्स आणि ॲनिमेचं वेड. वेड म्हणजे किती, तर २०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा सिनेमा आला तेव्हा पठ्ठ्या पहाटे आपणहून उठून पहिल्या शोला गेला. एरवी त्याला उठवायला दोन माणसं लागतात!

तर झालं असं की शेजारच्या काकू काही कामासाठी घरी आल्या होत्या. भाच्याच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीभर पोस्टर्स, कपाटावर ओळीने मांडलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या (भाचा त्यांना 'फिगर' म्हणतो, 'बाहुली' म्हटलं की चिडतो), एक लाकडी तलवार आणि अर्धवट ओढलेला पडदा. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "असली मुलं पुढे एकलकोंडी होतात हो. परदेशात तर काय काय प्रकार झालेत म्हणे." झालं. त्याच रात्री भावोजींनी सगळं सामान एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. रविवारी भंगारवाला येतो. भाचा दोन दिवस कुणाशी बोललेला नाही. म्हणजे काकूंचं भाकीत खरं व्हायला सुरुवात झालीच होती!

मी दुपारची गाडी पकडली.

प्रवासात डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. 'असली मुलं'. आमच्या धंद्यात कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आधी बघतात, ती कुणी आणि कधी लिहिली. या वाक्याचंही तसंच आहे. काकूंना बिचाऱ्यांना ठाऊक नाही, पण या वाक्याला जन्मतारीख आहे. खरं तर दोन जन्मतारखा आहेत.

पहिली तारीख, जून १९८३. 'मांगा बुरिक्को' नावाच्या मासिकात नाकामोरी आकिओ या तरुण लेखकाने एक सदर सुरू केलं. मासिक कुठलं, तर कॉमिक्सच्या शौकीन मुलग्यांसाठीचं, बरंचसं चावट. विषय काय, तर ते शौकीनच! नाकामोरी तोक्योच्या 'कॉमिक मार्केट'ला जाऊन आला होता. चाहते स्वतः काढलेल्या कॉमिक्सच्या पुस्तिका तिथे आणून विकतात, अशी ही जत्रा. (जपानी लोक तिला 'कोमिके' म्हणतात.) तिथल्या गर्दीचं त्याने झणझणीत वर्णन केलं. खेळात ढ, मधल्या सुट्टीत वर्गात कोंडून घेणारे, आईने सुपरमार्केटमधून आणलेले कपडे घालणारे, एक तर काटकुळे नाही तर जाडे. आणि या मंडळींना त्याने नाव दिलं, 'ओताकु'.

हा शब्द मजेशीर आहे. 'ताकु' म्हणजे घर, 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग. शब्दशः 'आपलं घर', पण बोलताना त्याचा अर्थ होतो 'आपण'. शेजारच्या बाईंशी अदबीने बोलताना वापरायचं संबोधन. आता दोन सोळा वर्षांची पोरं एकमेकांना "आपण कुठला भाग पाहिलात?" असं विचारताहेत अशी कल्पना करा. 'अरे-तुरे' करण्याइतकी ओळख नाही, पण बोलायची ओढ तर आहे, म्हणून हे अवघडलेलं 'आपण'. मला तर यात थोडी गोडीच वाटते. नाकामोरीला नाही वाटली.

वाचकांनी अर्थातच बोंब मारली. ज्या मासिकासाठी पैसे मोजायचे त्यातच आपली टर उडवून घ्यायची म्हणजे काय! संपादक होता ओत्सुका एइजी. त्याने काही महिन्यांत सदर बंद केलं. शब्द मात्र सुटला तो सुटलाच.

आता जरा मागे जाऊ. हे 'कॉमिक मार्केट' पहिल्यांदा भरलं २१ डिसेंबर १९७५ ला, तोक्योतल्या एका सभागृहात. ३२ गट आले होते आणि साधारण ७०० माणसं. आणि ही माणसं कोण होती? बहुतांश शाळकरी मुली! मुलींसाठीच्या मांगांच्या, म्हणजे 'शोजो मांगा'च्या चाहत्या. घामट टी-शर्टातला एकटा पुरुष हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्याचा या मूळ गर्दीशी काडीचा संबंध नाही. नाकामोरीच्या लेखात मुलींचीही टर होतीच म्हणा, पण पुढे शिक्का चिकटला तो मुलग्यांना. मुली जत्रेत राहिल्या आणि चित्रातून गळाल्या.

तरीही १९८३ ते ८९ 'ओताकु' हा एका कोपऱ्यातला टोमणा होता. सर्वसाधारण जपानी माणसाला तो माहीतही नव्हता.

दुसरी तारीख, जुलै १९८९. हा भाग लिहायला जड आहे.

ऑगस्ट १९८८ ते जून १९८९ या काळात तोक्यो आणि शेजारच्या साइतामा भागात चार लहान मुलींचे खून झाले. चार ते सात वर्षांच्या मुली. जुलैमध्ये मियाझाकी त्सुतोमु नावाचा सव्वीस वर्षांचा माणूस पकडला गेला. ('तोतोरो'वाल्या थोर दिग्दर्शकाशी आडनावापलीकडे काही संबंध नाही.) त्याच्या खोलीत पत्रकार आणि कॅमेरे शिरले. खिडकीसकट सगळ्या भिंती व्हिडिओ कॅसेट्सनी झाकलेल्या, मध्ये मासिकांचा ढीग आणि एक अंथरूण. ५७६३ कॅसेट्स. हा आकडा आणि तो फोटो देशभर झाला. वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला या माणसासाठी नाव हवं होतं आणि ते सहा वर्षं तयारच पडून होतं. 'ओताकु खुनी'.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण चाहते ती टाळतात. तो खरोखरच ॲनिमेचा शौकीन होता. आणि त्याच कॅसेट्समध्ये त्याने एका मुलीचं केलेलं चित्रीकरणही पोलिसांना सापडलं. खोली निष्पाप नव्हती. पण त्या जवळपास सहा हजार कॅसेट्समध्ये बहुतेक होतं काय? टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले नेहमीचे कार्यक्रम. भयंकर म्हणता येईल असा माल त्या ढिगात थोडाच होता. पण फोटोत कॅसेटच्या आत काय आहे ते दिसत नाही, दिसते फक्त भिंत. पुढे एका पत्रकाराने लिहिलं की त्या खोलीत एक-दोन अश्लील मासिकं होती, ती चित्रीकरणासाठी ढिगावर वर आणून ठेवली गेली.

आणि एवढ्या कॅसेट्स कशाला, हा प्रश्न आज पडतो. त्या काळात पडायला नको. एकदा भाग निसटला की तो परत कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून शौकीन लोक रेकॉर्ड करायचे आणि टपालाने अदलाबदल करायचे. आपल्याकडेही तेव्हा एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणून लागोपाठ तीन सिनेमे बघायचे लोक. त्यांना कुणी विकृत म्हटलं नाही!

ओत्सुका आणि नाकामोरी, म्हणजे सदर बंद करणारा आणि ज्याचं बंद झालं तो, हे दोघे १९८९ मध्येच एका पुस्तकासाठी एकत्र आले. त्याच्यात आणि आपल्या पिढीत नातं काय, हा प्रश्न त्यांनी त्यात घेतला. 'तो आमच्यातला नव्हेच' असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. माझ्या मते त्या वर्षातली ही सर्वांत धाडसाची गोष्ट.

बाकी सगळीकडे वेगळंच वारं होतं. १९९० पासून 'घातक कॉमिक्स' हटवण्याची मोहीम सुरू झाली आणि १९९१ मध्ये तोक्योतल्या पुस्तकांच्या दुकानदारांवर कारवाई झाली. घराघरांत काय झालं ते मला एका माणसाकडून कळलं.

मी तोक्योत निशी-कासाईला राहायचो. (तिथे आपली इतकी आयटीवाली मंडळी राहतात की कोथिंबीर मिळायला अडचण येत नाही.) क्लायंटकडे एक सीनियर होते, पंचेचाळिशीचे, अत्यंत अबोल. माझं जपानी पुण्यात शिकलेलं, परीक्षेपुरतं, म्हणून गप्पांसाठी मी जेवताना ॲनिमेचा विषय काढायचो. बाकीचे बोलायचे, हे ताटलीत बघायचे. एका नोमिकाईला (ऑफिसनंतरची दारूची बैठक) तिसऱ्या ग्लासानंतर ते आपणहून बोलले. १९८९ मध्ये ते कॉलेजात होते, घर साइतामात. अटकेची बातमी आली त्या आठवड्यात त्यांच्या आईने त्यांची सगळी मासिकं बांधून रद्दीत दिली. काही बोलली नाही, ओरडली नाही. "ती माझ्याकडे बघायची," ते म्हणाले, "आणि लगेच नजर काढून घ्यायची." कॅसेट्स मात्र त्यांनी वाचवल्या. रातोरात सगळी लेबलं खरवडून काढली आणि वर लिहिलं, 'इंग्रजी संभाषण, भाग १', 'भाग २'... असे चाळीस.

मी हसलो. ते नाही हसले. मग थोडंसं हसले.

आता उलटी बाजू. ओताकु मंडळी एक गोष्ट नेहमी सांगतात. १९८९ च्या ऑगस्टमधल्या कॉमिक मार्केटला लाखभर माणसं जमली होती. तिथे एका टीव्ही वार्ताहर बाईंनी गर्दीकडे बोट दाखवून म्हटलं म्हणे, की इथे एक लाख मियाझाकी त्सुतोमु आहेत. माध्यमं कशी दुष्ट आहेत याचा हा ठेवणीतला पुरावा. मीही तो चारचौघांत ऐकवला आहे. पण त्या प्रसारणाचं रेकॉर्डिंग कधीच पुढे आलेलं नाही. विचार करा, जगातले सर्वांत कट्टर रेकॉर्डिंग करणारे लोक हेच, आणि नेमकं ते वाक्य कुणाकडेच टेप झालेलं नाही! आज ती दंतकथाच मानली जाते. म्हणजे ज्यांच्यावर खोटा शिक्का बसला त्यांनीही समोरच्यासाठी एक शिक्का बनवून ठेवला. असो.

या शिक्क्याची ताकद खरी कळली २००४ मध्ये. नोव्हेंबरात नारा इथे एका लहान मुलीचा खून झाला. खुनी सापडला नव्हता, आणि टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध पत्रकाराने अंदाज बांधला की हा फिगर जमवणाऱ्या टोळक्यातला असणार. त्याने त्यांना नवीन नावही दिलं. डिसेंबरअखेर माणूस पकडला गेला. तो वर्तमानपत्रं टाकणारा निघाला, पूर्वीही लहान मुलांवरच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेला. फिगरबिगर काही नाही. म्हणजे १९८९ मध्ये निदान माणूस आधी सापडला आणि चित्र नंतर रंगलं. इथे चित्र आधी तयार होतं, माणूस त्यात बसवायचा बाकी होता. आणि सगळे ज्यांच्यावर नजर ठेवायला सांगत होते, ते हे नव्हेतच.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, 'देन्शा ओतोको' हा सिनेमा आणि मालिका तुफान चालली. ट्रेनमध्ये एका मुलीला दारुड्यापासून वाचवणारा लाजाळू ओताकु आणि त्याचं प्रेम. शिक्का पुसला असं लोक म्हणाले. मला तितकंसं पटत नाही. त्यात नायकाला आधी केस कापावे लागतात, कपडे बदलावे लागतात. राक्षसाचा बावळट झाला, इतकंच. तरी तेही कमी नव्हतं म्हणा. जून २००८ मध्ये ओताकुंची पंढरी असलेल्या आकिहाबारामध्ये एका तरुणाने ट्रक घातला आणि सुऱ्याने वार केले, सात माणसं गेली, तेव्हा पुन्हा जुनी रेकॉर्ड लागली. नऊच दिवसांनी, १७ जूनला, मियाझाकीला फाशी झाली.

आज जपानी पोरंपोरी स्वतःला सहज 'ओताकु' म्हणवतात. ट्रेनचा ओताकु, मेकअपचा ओताकु. माझ्या सीनियरांच्या तोंडून मात्र तो शब्द मी एकदाही ऐकला नाही.

एवढं सगळं मी त्या रात्री ताईकडे जेवताना सांगितलं. (बरंच काटछाट करून. ताईने दोनदा "भाजी घे" म्हटलं, म्हणजे लांबतंय.) भावोजींनी शांतपणे ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला.

"पण तो माणूस होता ना ॲनिमेवाला?"

"होता."

"मग?"

मी म्हटलं, भावोजी, तुम्ही १९९३-९४ ला रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघत होतात की नाही? ते म्हणाले, अख्खी सोसायटी बघायची. शेर खानला नाना पाटेकरांचा आवाज होता! म्हटलं, ते ॲनिमेच. निप्पॉन ॲनिमेशनची मालिका, ५२ भागांची, तोक्योच्या टीव्हीवर सुरू झाली ऑक्टोबर १९८९ मध्ये. म्हणजे त्या खोलीचा फोटो जपानभर फिरत होता, त्यानंतर तीन महिन्यांत. तेव्हाचे ॲनिमे बघणारे तुम्ही, ताई, मी. सगळे एका खोलीत बसणार का?

भावोजींना हे खरंच माहीत नव्हतं. दोष त्यांचा नाही. आमच्या भाषेत ही सॅम्पलिंगची चूक. भारतात जे आलं ते मोगली आणि पुढे डोरेमॉन, म्हणून आपण ठरवलं की ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून. ब्रिटनमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला आल्या त्या 'आकिरा' आणि त्याहून भडक व्हिडिओ कॅसेट्स, त्यांनी ठरवलं की हे सगळं रक्त आणि चावटपणा. दोघांनीही हत्तीला एकेकदाच हात लावलेला. आणि मग घोटाळे होतात. शिनचॅन जपानमध्ये १९९० ला सुरू झाला तो मोठ्या पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात! आपण तो मुलांच्या चॅनलवर लावला आणि २००८ मध्ये मुलं बिघडतात म्हणून त्याच्यावर बंदी घातली. उलट युगो साको रामायणावर ॲनिमेशनपट काढायला निघाले तेव्हा आपल्याकडून विरोध झाला, की रामायण कार्टूनमध्ये कसं? शेवटी राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेटरला सोबत घेऊन तो सिनेमा जपानमध्ये झाला. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडे थिएटरात लागला.

"ते ठीक," ताई म्हणाली. तिची खरी अडचण वेगळीच होती. "ती गुलाबी केसांची, आखूड स्कर्टवाली आहे ना, तिचं काय?"

इथे मी हात वर केले. जपानमध्ये मुलांचं खरंखुरं अश्लील चित्रण नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरला तो थेट २०१४ मध्ये, आणि त्या कायद्यातून काढलेली चित्रं, म्हणजे मांगा-ॲनिमे, वगळलेलीच आहेत. त्यावर तिथेही वाद आहे. मलाही काही प्रकार बघवत नाहीत. त्याबद्दल त्याच्याशी बोलावं, जरूर बोलावं. पण बोलायला तो समोर लागतो. खोकं माळ्यावर टाकल्यावर बोलणार कुणाशी?

भावोजी काही न बोलता हात धुवायला गेले. दहा मिनिटांनी शिडी ओढल्याचा आवाज आला.

सगळं नाही परत मिळालं. लाकडी तलवार अजून माळ्यावरच आहे (ती सोसायटीच्या जिन्यात फिरवली होती असं आता उघडकीला आलं), आणि गुलाबी केसवालीबद्दल मायलेकांच्या वाटाघाटी चालू आहेत. पण रविवारी भंगारवाला आला तेव्हा त्याला फक्त जुना मिक्सर मिळाला.

भाचा बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, त्या 'इंग्रजी संभाषण'वाल्या कॅसेट्सचं पुढे काय झालं?" मला ठाऊक नव्हतं. तिथूनच सीनियरांना मेसेज टाकला, बऱ्याच वर्षांनी. उत्तर सोमवारी आलं. व्हीसीआर कधीच बिघडला, कॅसेट्स अजून आहेत, लेबलंही तीच. मुलगी लहान असताना तिला वाटायचं, बाबांनी तरुणपणी इंग्रजीसाठी फार मेहनत घेतली आणि तरी त्यांना बोलता येत नाही.